घरचा साबण : खर्च थोडा, काळजी थोडी जास्त

दसरा उलटला की पुण्यातल्या घराघरांतून दिवाळीच्या सामानाच्या याद्या होऊ लागतात. रवा, बेसन, डालडा, उटणे, सुवासिक तेल आणि मोती साबण ही यादी आपल्या पाठ झालेली. गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. तिचे नाव 'सोप बेस'. रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या आसपास मेणबत्त्यांचे सामान, इसेन्स व पॅकिंगच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतून हा बेस किलोच्या विटेत मिळतो. तो घरी आणायचा, वितळवायचा, रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा, की झाला साबण! बचत गटांतल्या भगिनी, कॉलेजच्या मुली, सुटीत नातवंडांना काही उद्योग हवा म्हणून आजी-आजोबा, सगळेच हा प्रयोग करू लागले आहेत.

डॉक्टरला यात बोलायचे काय कारण, असे वाचक विचारतील. कारण असे की साबण ही आपल्या कातडीला रोज लागणारी वस्तू आहे. तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सर्वांच्या अंगाला ती लागते. ती चांगली बनली तर पैसे वाचतात आणि आनंदही मिळतो. चुकीची बनली तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे औषधांच्या दुकानात जातात. म्हणून आज हा साबण कसा बनवावा, त्यात काय घालावे, काय मुळीच घालू नये आणि तो खरोखरच स्वस्त पडतो का, याचा विचार करू.

साबण म्हणजे काय?

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांचा संयोग झाला की साबण तयार होतो आणि जोडीला ग्लिसरीन मिळते. साबणाच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल. तेलाचे टोक अंगावरच्या मळाला चिकटते, पाण्याचे टोक पाण्याबरोबर जाते आणि दोघे मिळून मळाला ओढून नेतात. कोरोनाच्या विषाणूलाही असेच एक स्निग्ध आवरण असते. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, तेव्हापासून आपण सर्वजण वीस सेकंद हात धुवायला शिकलो, ते याच कारणाने. साबण ते आवरणच मोडून टाकतो. हे काम साधा साबणही करतो. त्याला 'जंतुनाशक' असे वेगळे बिरुद लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्यांचे साबण बाजारातून बाद केले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक गुणकारी असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की घरच्या साध्या साबणाने हात तितकेच स्वच्छ होतात.

आता 'सोप बेस' म्हणजे काय? कारखान्यात तेल आणि कॉस्टिकचा संयोग आधीच पुरा करून घेतलेला असतो. त्यात जादा ग्लिसरीन, सॉर्बिटॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारखी द्रव्ये व पाणी घातलेले असते. त्यामुळे तो मेणासारखा वितळतो आणि पुन्हा थिजतो. आपण घरी जे करतो, ते साबण बनविणे नसून तयार साबणाला आकार देणे आहे. हे एकदा समजले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

कॉस्टिकच्या वाटेला जाऊ नये

काही हौशी मंडळी पुढची पायरी गाठतात. तळणीचे उरलेले तेल आणि किराणा दुकानातला किंवा मोरी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा घेऊन पहिल्यापासून साबण करण्याचा घाट घालतात. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून हे ऐकायला छान वाटते, पण मुलाबाळांच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉस्टिक पाण्यात टाकला की ते पाणी आपोआप तापते, उकळीच्या जवळ जाते. त्याचा एक थेंब डोळ्यात उडाला तर बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तो घातला तर धातू खाऊन टाकतो आणि ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो. सर्वांत वाईट म्हणजे उरलेले द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवण्याची आपली सवय. तहानलेल्या पोराने त्यातला एक घोट घेतला तर तोंड, घसा, अन्ननलिका भाजून निघते. मूल वाचले तरी पुढे अन्ननलिका आकसते आणि साधा वरणभात गिळण्यासाठी त्या पोराला वर्षानुवर्षे इस्पितळाच्या वाऱ्या कराव्या लागतात.

असा अपघात झालाच तर काय करावे, हे प्रत्येक घराला ठाऊक हवे. कातडीवर कोरडे कण पडले असतील तर आधी झटकून टाकावेत, कपडे काढावेत आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले असेल तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पोटात गेले असेल तर तोंड धुवावे, पण उलटी मुळीच करवू नये. जे द्रव्य खाली जाताना भाजते, ते वर येताना पुन्हा भाजते. 'अल्कलीला ॲसिड' म्हणून लिंबू, ताक किंवा व्हिनेगर पाजू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे.

वितळवायच्या बेसमध्ये हा सारा धोका टळतो. म्हणून हौस करायची तर ती बेसचीच.

सामान काय लागते?

एक किलो बेस. पारदर्शक किंवा पांढरा, कोणताही चालेल. वेष्टनावर घटकांची यादी, बनविणाऱ्याचे नाव आणि वापरण्याची मुदत छापलेली असावी. सुटा, बिननावाचा बेस दोन पैसे स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दोन भांडी, एक मोठे आणि एक त्यात बसेल असे स्टीलचे. एक लांब दांड्याचा चमचा, सुरी, सांडशी, जाड फडके. ही भांडी शक्यतो साबणासाठीच वेगळी ठेवावीत, म्हणजे सुगंधाचा अंश पोळी-भाजीत जाणार नाही.

साच्यासाठी पैसे खर्च करू नयेत. सिलिकॉनचे फुलाफुलांचे साचे दिसायला गोड, पण पहिल्याच खेपेस अर्धी बचत तेच खाऊन टाकतात. ताक-सरबताचे रिकामे कागदी खोके धुऊन वाळवून घ्यावे. त्यात साबण ओतावा आणि थिजल्यावर खोका फाडून सुरीने वड्या पाडाव्यात, बर्फीसारख्या. प्लास्टिकच्या डब्या किंवा श्रीखंडाचे रिकामे डबेही उत्तम चालतात.

कृती

बेसचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. मोठ्या भांड्यात तीन-चार बोटे पाणी उकळत ठेवावे, आच मंद करावी आणि त्यावर बेसचे भांडे ठेवावे. बेस थेट गॅसवर ठेवू नये, तो तळाला करपतो व पिवळा पडतो. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला तो वितळू लागतो. हळूहळू ढवळावे. घुसळले तर फेस होऊन वडीत बुडबुडे राहतात. उकळी येऊ देऊ नये. उकळी आली की त्यातले पाणी उडते, साबण गढूळ व चिवट होतो.

सगळे तुकडे वितळले की गॅस बंद करावा, भांडे खाली उतरवावे आणि वर पातळशी साय धरू लागेपर्यंत थांबावे. मग रंग व वास घालावा. एक किलो बेसला सुगंधी तेल १० मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे, ही जास्तीत जास्त मर्यादा समजावी. सुगंध 'कातडीला चालणारा' असल्याचे दुकानदाराकडून व लेबलवरून पाहून घ्यावे. उदबत्तीचे किंवा खोलीत फवारण्याचे इसेन्स साबणात घालू नये. रंगही साबणासाठीचाच आणि थेंबाथेंबाने घालावा. कपड्याचा किंवा रांगोळीचा रंग अजिबात नको. होळीच्या रंगाने अंगाची काय दशा होते, ते आपण दरवर्षी पाहतोच.

साच्यात ओतताना मुलांना दोन हात लांब ठेवावे. हा साबण पाण्यापेक्षा घट्ट असतो, अंगावर सांडला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. असे झाल्यास नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

ओतल्यावर वर बुडबुडे येतात. ते जावेत म्हणून स्पिरिटचा फवारा मारण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण स्पिरिट पेट घेते. गॅस, देवापुढची निरांजने, उदबत्ती हे सर्व विझले आहे याची खात्री केल्याशिवाय फवारा हाती घेऊ नये. त्याऐवजी बुडबुडे चमच्याने बाजूला सारले तरी चालते. दिसायला थोडे कमी, पण बिनधोक.

चार-सहा तास साचा हलवू नये. घाईने फ्रीजमध्येही ठेवू नये, बाहेर काढल्यावर वडीला घाम फुटतो. हा घाम येतो ग्लिसरीनमुळे, कारण ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेते. पुण्याच्या पावसाळ्यात तर उघडी वडी दुसऱ्या दिवशी दवात भिजल्यासारखी दिसते. साबण बिघडला असे समजून लोक फेकून देतात. तसे काही नाही. साच्यातून काढल्याबरोबर प्रत्येक वडी प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळावी म्हणजे झाले.

हळद, लिंबू, कडुनिंब : काय घालावे, काय नाही?

खरी गडबड इथेच होते. 'नैसर्गिक' म्हणून स्वयंपाकघरातले निम्मे सामान साबणात जाते.

पहिली गोष्ट, ओले काहीही घालू नये. ताजे दूध, दही, कोरफडीचा गर, काकडीचा रस, तुळशीची पाने, गुलाबाच्या पाकळ्या या सर्व नासणाऱ्या वस्तू आहेत. साबण अल्कलीयुक्त असला तरी त्याच्या पोटातले ओले पान कुजते, काळे पडते आणि त्यावर बुरशी धरते. ती वडी मग आपण अंगाला चोळतो.

दुसरी गोष्ट, लिंबाचा रस. साबण हा अल्कलीयुक्त आणि लिंबू आंबट. दोघांची गाठ पडली की दुधात लिंबू पिळल्यासारखे होते. साबणातली स्निग्धाम्ले सुटी होतात, फेस कमी होतो आणि वडी फाटते. शिवाय लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागले तर काळे डाग पडतात, ते वेगळेच.

तिसरी गोष्ट, हळद. वाळलेली, बारीक हळदपूड चिमूटभर घातली तर अपाय नाही. पण वडी सोनेरी होईल अशी आशा ठेवू नये. हळदीत चुना घातला की कुंकू होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पंच्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, हे तर प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. साबणाच्या अल्कलीमुळे हळदीची वडीही तांबूस-तपकिरी होते. ही वडी जणू आपल्याला सांगत असते की 'मी सौम्य म्हणवून घेत असले तरी मी साबणच आहे.' साध्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो आणि निरोगी कातडीचा ५ ते ५.५ च्या जवळपास. म्हणजे कोणताही साबण, घरचा असो वा बाजारचा, कातडीच्या स्वभावाविरुद्धच असतो. म्हणून तो गरजेपुरता लावावा आणि भरपूर पाण्याने धुवावा.

चौथी गोष्ट, मुलतानी माती, चंदनपूड, ओटचे पीठ. कोरडी, वस्त्रगाळ पूड एक किलोला एक मोठा चमचा, यापेक्षा जास्त नको. भरड पूड कातडी खरवडते. बदामाची, अक्रोडाची सालपटे तोंडाला चोळणे तर टाळावेच.

पाचवी गोष्ट, 'अत्तरे' आणि वनस्पतींची सुगंधी तेले. लवंग, दालचिनी, निलगिरी, पुदिना, कापूर हे सर्व निसर्गातलेच, पण कातडीला तिखट. माझ्या दवाखान्यात मागच्या थंडीत चौदा महिन्यांचे एक बाळ आणले होते. मान, काखा आणि मांड्यांच्या घड्या लालबुंद, काही ठिकाणी पाणी सुटलेले. आधी घामोळे समजून पावडर झाली, मग नायटा समजून शेजाऱ्यांनी सुचवलेले मलम झाले, मग औषधांच्या दुकानातून एक मिश्र ट्यूब आली. विचारता विचारता कळले की बाळाच्या मावशीने सर्दीला चांगला म्हणून कापूर आणि लवंगतेल घालून साबण केला होता आणि तीन आठवडे बाळाला त्यानेच आंघोळ चालली होती. साबण थांबवला, साधे पाणी व खोबरेल तेल सुरू केले, थोडे औषध दिले, बाळ दहा दिवसांत बरे झाले. मावशीचा हेतू चांगलाच होता, पण बाळाची कातडी पातळ असते आणि तिच्यातून द्रव्ये सहज आत शिरतात. कापूर तर लहान मुलांच्या अंगात गेल्यास आकडीसुद्धा येऊ शकते. तीन वर्षांखालील मुलांसाठी केलेल्या साबणात कोणताही वास, कोणताही रंग घालू नये, हा नियम घरात लिहून ठेवावा.

साबण हे औषध नव्हे

'कडुनिंबाचा साबण लावते आहे, तरी नायटा जात नाही,' असे सांगत येणारे रुग्ण मला आठवड्यातून दोन-तीन तरी भेटतात. नायटा म्हणजे बुरशीची लागण. कडुनिंबाचा साबण दोन मिनिटे अंगावर राहतो आणि मोरीत वाहून जातो. त्याने बुरशी मरत नाही. उलट उपचाराला महिना-दोन महिने उशीर होतो, तोवर घरातल्या चौघांना लागण होते. त्यात कोणी स्टेरॉइड असलेले मिश्र मलम लावले तर खाज तात्पुरती थांबते आणि नायटा आतून पसरतो. अलीकडे आपल्या देशात बरा व्हायला अवघड असा नायटा फार वाढला आहे आणि त्यामागे ही मलमे हे एक मोठे कारण आहे.

खरजेचेही तेच. खरूज एका बारीक किड्यामुळे होते. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी डॉक्टरांनी दिलेले औषध अंगभर लावणे आणि कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुणे, हाच तिचा उपाय. साबणाने ती जात नाही. पांढरे डाग, इसब, सोरायसिस, तोंडावरचे वांग यांपैकी कशावरही घरचा किंवा दारचा साबण हे औषध नाही. जो कोणी तसे सांगून वडी विकतो, त्याच्याकडून ती घेऊ नये.

इसब असणाऱ्यांनी, अंग फार कोरडे असणाऱ्यांनी, मधुमेही व वृद्ध मंडळींनी साबण कमीत कमी वापरावा. काखा, जांघा, पावले एवढ्याच ठिकाणी साबण आणि बाकी अंगाला पाणी, हे पुरते. आंघोळीनंतर अंग दमट असतानाच खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही.

नवीन वडी वापरण्यापूर्वी ती कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून एकदा लावून धुवावी. चार-पाच दिवसांत खाज, लाली आली नाही तर अंगाला लावावी.

हिशेब मांडून पाहू

आता बचतीकडे वळू. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे नमुन्याचे समजावेत व आपल्या पावतीवरून बदलून घ्यावेत. समजा बेस २०० रुपये किलो मिळाला, सुगंध ४० रुपयांचा, रंग व स्पिरिट १० रुपयांचे, गुंडाळायचा कागद १० रुपयांचा. एकूण २६० रुपये. किलोत शंभर ग्रॅमच्या दहा वड्या होतात, म्हणजे वडी पडली २६ रुपयांना. यात २५० रुपयांचा सिलिकॉनचा साचा घेतला, तर पहिल्या खेपेची वडी ५१ रुपयांची झाली! बाजारातला रोजचा साधा साबण यापेक्षा स्वस्तात मिळू शकतो. म्हणजे रोजच्या साबणाला पर्याय म्हणून हा उद्योग फार पैसे वाचवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'हँडमेड' म्हणून मोठ्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या महाग वड्यांशी तुलना केली, किंवा दिवाळीच्या भेटी द्यायच्या असल्या, तर मात्र चांगली बचत होते.

खरा फायदा मला दुसरीकडे दिसतो. त्याच किलोभर बेसमध्ये रंग, वास काहीही न घालता २५ ग्रॅमचे चाळीस तुकडे पाडले, तर एक तुकडा ५ रुपयांना पडतो. असा तुकडा शाळेच्या दप्तरात, शेतावरच्या पंपघरात, दुकानाच्या मोरीवर, अंगणवाडीच्या नळापाशी ठेवता येतो. २००८ पासून जगभर १५ ऑक्टोबर हा हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत भाषणे होतात, पण नळाशी साबण नसतो. मोठी वडी ठेवली तर ती नाहीशी होते. लहान तुकडा हरवला तरी हळहळ वाटत नाही. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुतले तर जुलाब व जंतांचे प्रमाण कमी होते. पाच रुपयांच्या तुकड्याने सलाइनची एक बाटली वाचली तर याहून मोठी बचत कोणती?

उरलेल्या साबणाचे तुकडे

काटकसरी वाचक विचारतील, की झिजून पातळ झालेले नेहमीच्या साबणाचे तुकडे वितळवता येतील का? बेससारखे नाही. कारखान्यातला अंगाचा साबण दळून, दाबून घट्ट केलेला असतो. तापवला तर तो पातळ होत नाही, गोळे होतात. मात्र तुकडे किसणीवर किसून, थोडे गरम पाणी घालून, रात्रभर ठेवून मऊ करावेत आणि हाताने गोळा वळून वाळवावा. दिसायला ओबडधोबड, पण हात धुवायला उत्तम. घरात कोणाला खरूज, नायटा किंवा गळू असेल तर त्याच्या साबणाचे तुकडे यात घेऊ नयेत.

वाचकांच्या काही शंका

घरचा साबण लवकर का विरघळतो? बाजारातल्या अंगाच्या साबणाचे भारतीय मानकाप्रमाणे तीन दर्जे आहेत. त्यात स्निग्ध पदार्थाचे प्रमाण, ज्याला वेष्टनावर 'टीएफएम' म्हणतात, अनुक्रमे किमान ७६, ७० व ६० टक्के असते. 'बेदिंग बार' छापलेल्या वडीत ते ४० टक्क्यांपर्यंतही चालते. वितळवायच्या बेसमध्ये ग्लिसरीन आणि पाणी बरेच असते, म्हणून तो मऊ असतो व लवकर झिजतो. वडी भोकाच्या साबणदाणीत, पाणी निथळेल अशी ठेवावी. दुप्पट दिवस पुरेल आणि ओल्या वडीवर जंतूही वाढणार नाहीत.

आमच्याकडे फेसच होत नाही, असे का? बहुधा बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल. धरणाच्या पाण्यापेक्षा त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते साबणाशी मिळून पांढरा साका तयार होतो, बादलीला आणि अंगालाही चिकटतो व खाज सुटते. साबण बदलण्याऐवजी शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचे घ्यावेत.

बचत गटामार्फत विकला तर चालेल का? घरापुरता बनविणे आणि विक्रीसाठी बनविणे यांत फरक आहे. अंगाचा साबण हे कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार विक्रीसाठी उत्पादन करायचे तर परवाना लागतो. त्यासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. वेष्टनावर घटक, वजन, बॅच क्रमांक, मुदत, नाव-पत्ता हवा. हे भगिनींना घाबरविण्यासाठी सांगत नाही. जत्रेतल्या स्टॉलवर वडी घेणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला उद्या पुरळ उठले, तर त्यात काय घातले होते हे लेबलवरूनच त्याच्या डॉक्टरला कळणार आहे. स्वच्छ लेबल हे गिऱ्हाइकाचे संरक्षण आहे आणि गटाचेही.

थोडक्यात सांगायचे तर कॉस्टिक घरात आणू नये. बेस लेबलचा घ्यावा, पाण्यावर वितळवावा, उकळू नये. ओले काही घालू नये. वास किलोला १० मिलिलिटरच्या आत ठेवावा आणि बाळासाठी तोही नको. वडी कोरडी ठेवावी. आणि अंगावर चट्टा, खाज, डाग दिसला तर साबण बदलत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. एवढे सांभाळून यंदा वड्या जरूर पाडा. त्यातल्या चार साध्या, बिनवासाच्या तुकड्यांची पुडी जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. तिथल्या ताईंना ती नक्की उपयोगी पडेल.